तेलाच्या डब्यावरची रेघ

माझ्या वडिलांच्या हातातला नारळ ज्या माणसानं भर दसऱ्याला काढून घेतला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचं तेव्हा जे वय होतं त्याच्या कितीतरी पुढं मी आलो आहे. माझे राग एकेक करून निवले, हा एक तेवढा निवला नाही.

हा माणूस म्हणजे कुळगावातले आमचे मालक. त्यांची भाताची गिरणी होती आणि दोन ट्रक होते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या गाड्यांचे लिलाव झाले, त्यात त्यांनी ते घेतले होते. त्यातला एक ट्रक माझे वडील चालवत. डोंगराच्या पायथ्याच्या खाणीतून दगड भरायचा आणि अंबरनाथला नाहीतर उल्हासनगरला नेऊन टाकायचा. त्या वर्षांत अंबरनाथला कारखान्यांचे पाये खणले जात होते आणि उल्हासनगरात, ज्याला आम्ही सगळे तेव्हा कँपच म्हणायचो, सिंधी निर्वासितांच्या बराकींच्या जागी पक्की घरं उभी राहत होती. दगडाला तोटा नव्हता, गिऱ्हाइकालाही नव्हता.

वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं. लढाईच्या काळात छावणीत मजुरीला असताना एका फौजी ड्रायव्हरनं त्यांना गाडी शिकवली. त्यानं हातानं जेवढं दाखवलं तेवढं त्यांनी हातात धरून ठेवलं. गाडीची सेवा ते देवाच्या सेवेसारखी करत. इंजिनाच्या शेजारी टोपासारखा एक काळा गोल डबा होता. बाहेरची हवा त्या डब्यात शिरायची, तळाशी भरलेल्या तेलावरून जायची, धूळ तेलात सोडायची आणि मग इंजिनात जायची. वडील दर शनिवारी तो डबा उघडत, तळाचा चिखलासारखा काळा गाळ खरवडून काढत, रॉकेलनं डबा धूत आणि नवं तेल भरत. अगदी काठोकाठ भरत. समईत तेल घालताना आई हात आखडता घ्यायची नाही, तसाच त्यांचा हात होता.

हे सगळं मी तेव्हा पाहत होतो, पण त्यात लक्ष घालत नव्हतो. मी बी.एस्सी. करत होतो. आमच्या घरात, किंबहुना आमच्या पाड्यात, कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. माझ्या शाळेच्या हेडमास्तरांनी वर्ग सुटल्यावर शाळेची एक खोली माझ्यासाठी उघडी ठेवली नसती तर मी मॅट्रिकच्या पुढं गेलो नसतो. त्यांचं ऋण मी इथं सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात त्यांचं घड्याळ होतं आणि त्यांची शिकवणही होती. "एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच ठेव, मग बघ," असं ते म्हणायचे. सातवीत असताना पाण्यात साखर विरघळवून त्यांनी ते शिकवलं होतं.

तर वडिलांचा ट्रक चढाला दमायचा. पहिल्यापासूनच दमायचा. भरलेला असला की चिखलोलीजवळच्या चढावर काळा धूर सोडत बैलगाडीच्या चालीनं जायचा. मालकांचा दुसरा ट्रक त्या मानानं बरा होता. मालक वडिलांना म्हणायचे, "तुझी म्हातारी आज जेवली नाही वाटतं?" वडील हसायचे.

त्यावर मालकांना उपाय सापडला कँपमध्ये. तिथं एका सिंधी कारागिरानं पत्र्याचा एक भोंगा बनवला होता. एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखं तोंड, तोंडावर पितळी जाळी. तेलाचा डबा काढून टाकायचा आणि त्याच्या जागी हा भोंगा बसवायचा. इंजिनाला मोकळी हवा मिळते, जोर वाढतो, असं तो सांगे. मालकांनी तो बसवून घेतला. पहिल्याच दिवशी ट्रक असा गरजला की कुळगावात माणसं ओट्यावर आली. चिखलोलीचा चढ त्यानं भराभर पार केला.

"आता कशी?" मालक म्हणाले. "साली वाघीण झाली वाघीण!"

वडिलांनी काढलेला डबा मालकांनी गिरणीमागच्या भंगारात टाकला. वडिलांनी तो संध्याकाळी गोणपाटात गुंडाळून घरी आणला आणि आढ्याला टांगला. आईनं विचारलं तर म्हणाले, "आसूं दे. दहा वर्सं राबलाय."

सगळ्या ड्रायव्हरांचं एकमत झालं की भोंगा चांगला. त्याचं कारण ऐकण्यासारखं होतं. तेलाच्या डब्यात आठवड्याला मूठभर काळा गाळ निघायचा. म्हणजे तो डबा घाण, इंजिनात घाण करणारा. भोंग्याची पितळी जाळी महिना झाला तरी लखलखीत असायची. म्हणजे भोंगा स्वच्छ. जाळी स्वच्छ राहते म्हणजे ती काही अडवत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कॉलेजात जाणाऱ्या माझ्याही आलं नाही. हे मी कबूल करतो.

खाणीतली धूळ म्हणजे दगडाचं पीठ. ते पीठ सहा महिने इंजिनात जात राहिलं. पाऊस संपता संपता ट्रक ऑइल प्यायला लागला, मागून निळा धूर सोडू लागला. मग एक दिवस तो खाणीच्या वाटेवर उभाच राहिला. मेस्तरीनं इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा झिजून गेलेल्या, सिलिंडर घासून रुंद झालेले. मेस्तरी म्हणाला, "ऑइल नसताना पळवलं असेल." त्याला भोंग्याचं काय माहीत? त्यानं त्याच्या अनुभवातलं कारण सांगितलं आणि मालकांना तेच हवं होतं, कारण भोंगा त्यांनी स्वतः बसवला होता.

दसरा चार दिवसांवर होता. आमच्याकडं दसऱ्याला ट्रक धुतात, झेंडूच्या माळा घालतात आणि ज्याची गाडी तो ड्रायव्हर स्वतःच्या हातानं तिच्या पुढच्या चाकाजवळ नारळ फोडतो. मालक कितीही मोठा असला तरी नारळ ड्रायव्हरचा. गिरणीसमोरच्या पटांगणात दोन्ही ट्रक उभे होते. वडिलांचा ट्रक बंद होता, तो ढकलत आणला होता, तरी त्यांनी तो पहाटे उठून धुतला होता. आजूबाजूचे सात-आठ ट्रकवाले, हमाल, गिरणीतल्या बाया, सगळे होते. मीही होतो. वडिलांनी नारळ उचलला.

मालक पुढं आले आणि त्यांनी तो नारळ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ज्यानं इंजिन खाल्लं त्यानं नारळ फोडू नये," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मग दुसऱ्या एका पोराला हाक मारून नारळ त्याच्या हातात दिला. "ह्यापुढं ही गाडी तुझी. ऑइल बघत जा बाबा. ह्यांच्यासारखं नको."

कुणीतरी हसलं. वडिलांचे दोन्ही हात नारळ धरल्यासारखे तसेच राहिले होते, ते मला अजून दिसतात. मग त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं ते पुसले आणि बाजूला झाले.

दुसऱ्या आठवड्यापासून वडील त्याच खाणीत दगड उचलायला लागले. त्याच ट्रकमध्ये दगड भरायचे. नवा ड्रायव्हर आतून आरशात बघायचा आणि त्यांच्याशी बोलताना मान खाली घालायचा. तो पोरगा वाईट नव्हता.

मी त्या दिवशी ठरवलं की पुढच्या दसऱ्याला ह्याच जागी, ह्याच माणसाच्या हातून, तो नारळ माझ्या वडिलांच्या हातात द्यायला लावीन. मला मालकाचं नुकसान नको होतं, वडिलांची नोकरी परत मिळावी हेही दुय्यम होतं. मला ते दृश्य उलटं बघायचं होतं. मी परीक्षेचा अभ्यास त्या चित्रावर केला. रात्री पुस्तक मिटताना ते डोळ्यांसमोर आणायचो, एखादा माणूस जप करतो तसा. चांगल्या मुलानं असं करू नये, हे मला कळत होतं.

पण पुरावा काय? ट्रकचं इंजिन मालकांनी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून नव्यानं कोरून, पुन्हा उभं केलं होतं आणि त्याला भोंगा तसाच होता. लखलखीत जाळी धूळ अडवतच नाही आणि ट्रक पुन्हा मरणार, हे मला आता समजत होतं. पण मरेल तेव्हा नवा ड्रायव्हर दोषी ठरेल, भोंगा नाही. मला जिवंत गाडीवर दाखवायला हवं होतं.

मला रस्ता आईच्या स्वयंपाकघरात सापडला. फळीवर तिळाच्या तेलाची बाटली असायची. तिच्या बाहेरच्या अंगाला तेल ओघळलेलं असायचं आणि त्या ओघळांवर चुलीची राख नि धूळ जाड बसायची. बाजूच्या कोरड्या डब्यांवर फुंकर मारली की सगळं उडून जायचं. मी बाटलीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. भोंग्याच्या जाळीच्या आतल्या बाजूला, जिथून हवा इंजिनात जाते तिथं, ग्रीस फासायचं. जाळीनं धूळ अडवली असेल तर ग्रीस स्वच्छ राहील. नसेल अडवली तर तिथं दिसेल. एवढंच.

परीक्षा झाल्यावर मी कँपमध्ये त्या कारागिराच्या दुकानात गेलो. मी कोण हे सांगितलं नाही. तो कॅनव्हासच्या सावलीत बसून कर्ण्याचं तोंड लाकडी हातोडीनं गोल करत होता.

"आओ साईं, बसा," तो म्हणाला. त्याची मराठी हिंदीत भिजलेली होती. "गाडी कोणती?"

"गाडी नाही. नुसता बघायला आलो."

"बघा ना. फुंकर मारून बघा. हवा कशी छान जाते. तो तेलाचा डबा, त्याच्यात गाडीचा दम घुटतो. आपण तोंडावर पदर बांधून धावलो तर?"

"पण धूळ?"

"जाळी है ना. हे बघा, माशी पण नाही जाणार."

"माशी नाही जाणार," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग हातोडी खाली ठेवून त्यानं मला चहा मागवला. सिंधमध्ये त्याचं मोठं तांब्या-पितळेचं दुकान होतं असं तो सांगत होता. मी चहा प्यायलो आणि मनात म्हटलं, तूही. तुझंही दुकान मी मोडणार. हे मी इथं जसंच्या तसं लिहितो आहे.

मग एका रविवारी बाजारात, हॉटेलच्या बाकड्यावर मालक बसलेले असताना, मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो, "भोंग्यानं जोर वाढत नाही, तुमचा दुसरा ट्रक डब्यावरही चढतोच. इंजिन जातं. मी दाखवतो."

"काय सायन्स?" मालक म्हणाले. ते मला तसंच हाक मारायचे. "बापानं इंजिन खाल्लं, पोरगा आता डोकं खाणार?" बाकड्यावरचे हसले.

"मग भीती कशाची? तुमचाच ट्रक, तुमचाच ड्रायव्हर, तुमचाच दगड. हेडमास्तर घड्याळ धरतील."

हेडमास्तरांचं नाव निघाल्यावर मालकांना नाही म्हणता आलं नाही. शिवाय त्यांना खात्री होती. दुसऱ्या ट्रकलाही भोंगा बसवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. "आणि हरलास तर?" त्यांनी विचारलं.

"हरलो तर तुमच्या गिरणीत वर्षभर पोती उचलीन. डिग्री घेऊन."

"आणि मी हरलो तर?"

"तर पुढच्या दसऱ्याला नारळ तुम्ही स्वतः त्यांच्या हातात द्यायचा. आणि म्हणायचं, इंजिन तू खाल्लं नाहीस."

त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "चल."

मे महिना होता. खाणीच्या वाटेवर पायाचा घोटा बुडेल इतकी धूळ होती. मी वडिलांना काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं की डबा उद्या लागेल. त्यांनी आढ्यावरून डबा काढला. संध्याकाळभर ते अंगणात बसून तो घासत होते. वर्षभराचं काजळ गेलं, काळा रंग चमकायला लागला. मग त्यांनी त्यात नवं तेल भरलं. मी बाजूलाच बसून प्रयोगाचा तक्ता आखत होतो. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी चिखलोलीच्या चढाखाली चाळीसेक माणसं जमली. ट्रक भरलेला होता. चढाच्या पायथ्याला एक बाभूळ, वर ओढ्यावरची एक मोरी. बाभळीपासून मोरीपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचं. हेडमास्तर धोतराचा सोगा सावरत केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले, हातात घड्याळ. मालकांच्या बोलावण्यावरून कारागीर कँपमधून सायकलवर आला होता. मला ओळखून त्यानं कपाळाला हात लावला.

आधी भोंगा. तीन फेऱ्या. दोन मिनिटं आणि दहा सेकंद, दोन मिनिटं आणि बारा, पुन्हा दहा. ट्रकची गर्जना डोंगराला आपटून परत येत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

मग भोंगा काढून डबा बसवला. आवाज एकदम बसला, म्हाताऱ्या माणसासारखा. ट्रक बाभळीपासून निघाला. अर्ध्या चढावर तो रडायला लागला. काळा धूर. ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला, पुन्हा खाली घेतला. मोरीपर्यंत तीन मिनिटं झाली.

"काय सायन्स?" मालक ओरडले. "पोती कधीपासून?"

सगळे हसले. नवा ड्रायव्हरसुद्धा हसला. मी वडिलांकडं पाहिलं. ते लांब, बाभळीखाली, हाताची घडी घालून उभे होते.

एका वेळी एकच गोष्ट बदल. मी तेच केलं होतं. मग हे काय? ट्रक परत बाभळीजवळ आला तसं मी बॉनेट उघडलं, डब्याच्या क्लिपा काढल्या आणि तळाचा भाग हातात घेतला. तेल काठाला टेकलं होतं. माझ्या हातानं तो हलला आणि थोडं तेल माझ्या सदऱ्यावर सांडलं. आणि तेल खाली गेलं तेव्हा, आतल्या पत्र्यावर, काठापासून दोन बोटं खाली, मला एक रेघ दिसली. रेघेवर पत्र्यात ठोकलेली उठावाची इंग्रजी अक्षरं होती. ऑइल लेव्हल.

मला सगळं एकदम कळलं. वरपर्यंत भरलेल्या तेलातून हवेला वाटच मिळत नव्हती. इंजिन घुसमटत होतं. आज घुसमटत होतं तसंच दहा वर्षं घुसमटत होतं. म्हणून म्हातारी चढाला दमायची. म्हणून मालकांनी भोंगा आणला. वडिलांनी दर शनिवारी प्रेमानं काठोकाठ तेल भरलं होतं, कारण ती अक्षरं त्यांच्यासाठी नक्षी होती. आणि ज्याला ती वाचता येत होती तो मी, डबा वर्षभर माझ्या डोक्यावर आढ्याला टांगलेला असताना, एकदाही त्याच्या आत डोकावलो नव्हतो.

मागं मालक होते, हेडमास्तर होते, चाळीस माणसं होती. मी पाठ त्यांच्याकडं ठेवली, डबा तिरका केला आणि रेघेपर्यंतचं तेल ठेवून वरचं धुळीत ओतलं. वर पायानं माती सारली.

"काय झालं?" हेडमास्तरांनी केबिनमधून विचारलं.

"क्लिप सैल होती, सर," मी म्हणालो. "डबा नीट बसला नव्हता."

ज्या माणसानं मला खरं मोजायला शिकवलं त्याला मी हे उत्तर दिलं.

पुढच्या तीन फेऱ्या: दोन मिनिटं दहा, दोन मिनिटं अकरा, दोन मिनिटं दहा. हेडमास्तरांनी आकडे मोठ्यानं वाचले. लोक चुळबुळायला लागले. मालक म्हणाले, "पण आवाज बघा ना आवाज!"

"आवाजानं दगड वर जात नाही," हेडमास्तर म्हणाले.

मग मी बरोबर आणलेलं ग्रीस काढलं. भोंग्याच्या नळीत आतून फासलं, तसंच डब्याच्या नळीत. दोन्ही एकामागून एक लावून खाणीपर्यंत आणि परत अशी एकेक फेरी मारली. मग मी वडिलांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचे दोन तुकडे काढले. डब्याच्या नळीतून पुसलेलं फडकं पिवळट निघालं, ग्रीसचंच. भोंग्याच्या नळीतलं फडकं मी सगळ्यांसमोर उलगडलं. ते राखाडी होतं. त्यावर वाळूसारखं काहीतरी चमकत होतं. मी ते मालकांच्या हातात दिलं.

"दोन बोटांत घेऊन चोळा," मी म्हणालो. "हे तुमच्या इंजिनात गेलं. हे सहा महिने गेलं."

त्यांनी चोळलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अगदी सावकाश, पोटभर पाहून घेतलं. दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर तिथंच म्हणाला, "माझ्या गाडीला हा कर्णा लावायचा न्हाय, मालक." मी मनात म्हटलं, अजून बोल.

फडकं मग त्या कारागिराकडं गेलं. तो बराच वेळ ते उन्हात धरून बघत होता. "साईं," तो मला म्हणाला, "त्या दिवशी चहा पिताना सांगायचं. मी जाळीवर कापड लावलं असतं." त्या उन्हाळ्यानंतर कँपात एकही भोंगा विकला गेला नाही. ह्या सगळ्यात खरी झळ लागली ती त्याला, आणि त्यानं माझ्या वडिलांना कधी पाहिलंही नव्हतं.

निकाल लागला. मी पास झालो आणि अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. मालकांनी डबा परत बसवला. वडिलांना मात्र त्यांनी दसऱ्यापर्यंत बोलावलं नाही. शब्दाप्रमाणे दसरा म्हणजे दसरा. मी दिवस मोजत होतो. रेघेबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. वडिलांना कसं सांगणार? आणि सांगितलं नाही तर गाडी हातात आल्यावर ते पुन्हा काठोकाठ भरणार. मी ठरवलं की रविवारी गुपचूप जाऊन तेल कमी करायचं. आयुष्यभर करावं लागलं तरी करायचं.

दसऱ्याला पटांगण गच्च भरलं होतं. गेल्या वर्षी होते त्यापेक्षा जास्त ट्रकवाले आले होते, कारण पैज सगळ्यांना माहीत होती. मालक नवं धोतर नेसून आले. त्यांनी नारळ उचलला, वडिलांसमोर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "इंजिन तू खाल्लं नाहीस. माझी चूक झाली." आणि नारळ पुढं केला.

एक वर्ष मी ह्या क्षणासाठी जगलो होतो.

वडिलांनी नारळ घेतला नाही. "थांबा मालक," ते म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलं, क्लिपा काढल्या आणि डब्याचा तळ दोन्ही हातांत धरून माझ्याजवळ आणला. तेल रेघेवर होतं. बरोबर रेघेवर. म्हणजे ते पहाटे येऊन भरून गेले होते.

"इथं काय लिवलंय?" त्यांनी मला विचारलं.

मी डब्याकडं पाहिलं, मग मालकांकडं.

"क्लिप सैल व्हती न्हवं?" ते हळूच म्हणाले, मला एकट्याला ऐकू जाईल इतकंच. "बाभळीखालून समदं दिसतं. वाच. मोठ्यानं वाच."

तिथं इंग्रजी वाचणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि हेडमास्तर, आणि हेडमास्तर पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला होते. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. कंपनीचं नाव म्हटलं असतं. तसं म्हणायला माझे ओठ हललेही. पण त्यांनी डबा माझ्यासमोर नारळ धरावा तसा दोन्ही हातांत धरला होता.

"ऑइल लेव्हल," मी वाचलं. "तेल इथपर्यंत."

"आयकलं?" वडील सगळ्यांकडं वळले. "मी दहा वर्सं वरपत्तूर भरत व्हतो. म्हणून गाडी दमायची. म्हणून मालकानं भोंगा आनला. इंजिन मी न्हाय खाल्लं. पन गाडीचा गळा मीच दाबला. आता द्या नारळ, द्यायचा आसंल तर."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझं वर्षभराचं काम त्यांनी अर्ध्यावर आणून ठेवलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं, मग वडिलांकडं. त्यांच्या हातात आता नाही म्हणायला कारण होतं, आणि ते त्यांना माझ्या वडिलांनीच दिलं होतं.

"फोड," मालक म्हणाले आणि नारळ त्यांच्या हातात ठेवला.

वडिलांनी एकाच घावात फोडला.

मग जे झालं ते मी ठरवलेल्या चित्रात नव्हतं. बाजूच्या ट्रकवाल्यानं आपलं बॉनेट उघडलं. मग पलीकडच्यानं. झेंडूच्या माळा बाजूला सारून एकेक जण डब्यात वाकून बघू लागला. "अरे, माझा बी काठाला हाय!" "माझा तर वाहतोय!" मला हाका यायला लागल्या, मास्तर इकडं या, मास्तर रेघ दाखवा. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर करून मी ह्या गाडीकडून त्या गाडीकडं जात राहिलो. सगळ्यांनी वरचं तेल एका बादलीत ओतलं. वडील बादलीजवळ उभे राहून ते सांडू देत नव्हते.

शेवटी मालक स्वतः खोबऱ्याचे तुकडे वाटत आले. माझ्यासमोर थांबले. "घे सायन्स," ते म्हणाले. ह्या वेळी त्यात टोमणा नव्हता.

मी हात पुढं केला नाही. म्हणालो, हात तेलाचे आहेत. ते पुढं गेले. वडिलांनी ते पाहिलं. घरी येईपर्यंत ते माझ्या पुढं दहा पावलं चालत राहिले.

तो तुकडा घ्यायला हवा होता असं आता वाटतं, असं लिहून हे संपवता आलं असतं. पण मी तसं लिहिलं तर ती क्लिपसारखीच थाप होईल. मला वडिलांचे ते दोन रिकामे हात अजून दिसतात.